एक डोळा धूमकेतूसाठी

आकाश बघणाऱ्यांकडे खरं म्हणजे निरीक्षणं साठायला हवीत. आमच्याकडे किस्से साठतात! आभाळ निवळायची वाट बघत बसायचं म्हणजे हाताला काम नाही आणि तोंडाला भरपूर. त्यात वर्धा जिल्ह्यातला एप्रिल. कधी धूळ, कधी अवकाळी ढग, आणि दोन्ही नसले तर कुणाच्या तरी लग्नाचा लाइट. त्यामुळे तो परत येणारा धूमकेतू आला त्या उन्हाळ्यात निरीक्षणं बेताचीच झाली, पण किस्से अजून पुरताहेत.

आमच्या मंडळाला नाव नाही. सेलूच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून रिटायर झालेले ताकसांडे सर, हे आमचे मुख्य. सुमनकाकू त्यांच्या पत्नी. ‘मले काई त्या ताऱ्यायचं कौतुक नाई’ असं म्हणत त्या दर वेळी डबा घेऊन हजर! प्रमोद झाडेचं हिंगणघाटला चष्म्याचं दुकान आहे. आणि मी वैशाली, वीज कंपनीत इंजिनीअर. आम्ही दोघंही सरांचेच जुने विद्यार्थी. झालं, संपलं मंडळ.

हा धूमकेतू सत्तरेक वर्षांनी एकदा येतो. मागच्या वेळी आला तेव्हा सर नुकतेच जन्मले होते. पुढच्या वेळी येईल तेव्हा आमच्यापैकी कुणीच नसणार. सर म्हणायचे, “मागच्या खेपेले मी पाळण्यात होतो, म्हणून भेट नाई झाली. आता सोडत नाई!”

*

माझ्या नोकरीचा मंडळाला फार अभिमान. मी म्हणजे जिल्ह्याचा दिवा हवा तेव्हा मालवणारी बाई, असा सगळ्यांचा समज. “दहा मिनिटं फीडर बंद कर नं,” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही.

एका संध्याकाळी सेलूला सरांच्या गच्चीवर बसलो होतो. पश्चिमेला धूमकेतू दिसतो न दिसतो असं चाललेलं, आणि अचानक लाइट गेली. गावभर “गेली रे गेली!” झालं. आमच्या गच्चीवर मात्र टाळ्या! प्रमोदने तर शिट्टी मारली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सबस्टेशनचा ऑपरेटर. “मॅडम, फीडर ट्रिप झाला. अन् एका ग्राहकाची तक्रार हाय, का ताकसांडे सरच्या गच्चीवर लोकं लाइट गेली म्हणून टाळ्या वाजवून राह्यले. जरा चौकशी करा.”

“करते,” मी गंभीर आवाजात म्हणाले.

दुर्बिणीला डोळा लावलेले सर न हलता म्हणाले, “सावकाश करजो!”

*

सरांची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

धूमकेतूचं तेज मोजायचं म्हणजे शेजारच्या ताऱ्याशी तुलना करायची. पण तारा टाचणीच्या टोकाएवढा, आणि धूमकेतू पिंजलेल्या कापसासारखा पसरट. दोघांना तोलायचं कसं? तर ताऱ्यालाही विस्कटायचं. फोकस बिघडवला की ताराही पुंजका होतो. मग पुंजक्याला पुंजका लावून बघायचा.

सरांच्या जुन्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीचं फोकसचं चाक कैक वर्षांपूर्वी जाम झालेलं. दुसरा कुणी दुरुस्तीला धावला असता. सरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना मोठ्या नंबरचा चष्मा होता. चष्मा घातला की तारे स्वच्छ, चष्मा काढला की तारे विस्कटलेले. “चाकाची गरजच काय? माहा डोळाच चाक!” असं म्हणून त्यांनी आजवरचे सगळे धूमकेतू मोजले. त्यांचे आकडे बाहेरच्या जाणत्या निरीक्षकांशी असे जुळायचे की आम्हालाच मिरवावंसं वाटे.

आणि या धूमकेतूच्या आधीच्या हिवाळ्यात सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

*

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “सर, ऑपरेशन करून टाकू.”

“मे महिन्यात करू.”

“का? घरी लग्न आहे?”

“पाहुणा येनार हाय.”

“कोण पाहुणा?”

सरांनी पाहुणा कोण, कुठून येणार, संध्याकाळी कोणत्या दिशेला दिसणार, सगळं समजावलं. बाहेर पेशंटची रांग लागलेली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण पाहुण्याला बघायला डोळे नकोत का?”

“डॉक्टर, डोळा हे माहं इन्स्ट्रुमेंट हाय. निरीक्षण सुरू असताना इन्स्ट्रुमेंट बदलत नसतात. नाई तर आधीचे आकडे अन् नंतरचे आकडे एकमेकाले ओळखनार नाईत.”

यात शास्त्र होतं, म्हणूनच पंचाईत होती. वाद घालायला जागाच नाही! बाहेर येऊन काकू एवढंच म्हणाल्या, “तांदळातले खडे दिसत नाईत, अन् म्हने इन्स्ट्रुमेंट!”

आम्ही हसलो. पण मला तेव्हाच धास्ती वाटली होती. या माणसाने आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो पाहुणा दारात येईल, आणि याला तो धड दिसणार नाही.

*

प्रमोदचं काम निराळं. सर उजेड तोलायचे, प्रमोद उजेड फोडायचा. कॅमेऱ्यापुढे बारीक रेघा कोरलेली काच लावली की धूमकेतूचा प्रकाश रंगारंगांत पसरतो. त्याला वर्णपट म्हणतात. कोणत्या रंगाच्या जागी उजळ रेघ दिसते त्यावरून धूमकेतूत काय आहे ते कळतं.

एका संध्याकाळी हिंगणघाटच्या बाहेर, आपल्या शेतातून प्रमोदने फोटो घेतला आणि त्याचा आवाजच चढला. “वैशाली, सोडियम! पिवळी जर्द रेघ!” धूमकेतू सूर्याजवळ आला की त्यातून सोडियम निघू शकतं, आणि ते मिळणं ही मोठी गोष्ट. प्रमोद जेवला नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणाला, “मीठ सापडलं.”

सरांनी फोटो बघितला. “कुठं पाठवू नको. आधी वैशालीले दाखव. उजेडाचा धंदा तिचा हाय.”

दुसऱ्या दिवशी मी प्रमोदच्या शेतात उभी राहिले. धूमकेतू जिथे टेकत होता तिथे खाली एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, आणि तिच्या आवारात खांबावर एकच जुना पिवळा दिवा. बाकीचे कधीच बदललेले, हा राहिलेला. मी त्याला लांबूनच ओळखलं. सोडियमचा, आमच्याच खात्यातला!

सर प्रमोदच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “नाराज नको होऊ. धूमकेतूचं माहीत नाई, पन जिनिंगात सोडियम हाय हे तू सिद्ध केलं!”

प्रमोदने हार मानली नाही. जागा बदलली, आणि चार-आठ दिवसांत खरा वर्णपट मिळवला. त्यात हिरव्या रंगाचा ठसठशीत पट्टा होता, कार्बनचा. फोटो घेऊन तो सेलूला धावत आला.

सरांनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला. “हिरवं? मले तर दुर्बिणीतून राखाडी दिसते. कॅमेऱ्याचं काई सांगू नको.”

“सर, कॅमेरा खोटं कशाले बोलन?”

“मंग माहा डोळा बोलते का?”

काकूंनी चहा आणला, तो सगळ्यांनी जरा जास्तच मन लावून प्यायला.

*

गिरडची टेकडी आमची आवडती. वर दर्गा, खाली उतारावर मोकळी जागा, आणि पश्चिम अशी उघडी की सूर्य पार जमिनीत जाईपर्यंत दिसतो.

एकदा आम्ही ओळीने पश्चिमेकडे तोंड करून बसलो होतो. दर्शन करून उतरणारं एक कुटुंब थबकलं. त्यातल्या आजीबाईंनी काकूंना विचारलं, “काय मांगून राह्यले हे लोकं?”

“आभाळ मांगून राह्यले,” काकू म्हणाल्या.

सरांनी आजींना बोलावून दुर्बीण दिली. पुंजका दिसल्यावर आजी दचकल्या. “हा शेपटीचा तारा नं? हा चांगला नसते म्हनतात. काई तरी वाईट होते.”

एरवी अशा वेळी सरांतला मास्तर जागा होतो आणि तासभर व्याख्यान होतं. त्या दिवशी ते नुसतं हसले. “आजी, मागच्या खेपेले हा आला तवा मी जलमलो. आता चांगलं झालं का वाईट, ते तुम्हीच ठरवा.”

आजी विचारात पडल्या. डब्याचं झाकण उघडत काकू पलीकडून म्हणाल्या, “मले इचारा!”

*

धूमकेतू सूर्याच्या जवळ येत होता, म्हणजे उजळत जायला हवा. जगभरचे निरीक्षक आपापले आकडे इंटरनेटवर टाकत होते आणि त्यांचा धूमकेतू उजळत होता. सरांचा मात्र जागेवर थांबला. मग चक्क मंद व्हायला लागला.

आम्हाला कळत होतं. पण तोंड उघडायचं कुणी? प्रमोदने आपल्या परीने प्रयत्न केले. दर भेटीत “द्या सर, जरा पुसून देतो” म्हणून सरांचा चष्मा घ्यायचा. पुसून पुसून त्या काचा इतक्या लख्ख केल्या की शेवटी सर म्हणाले, “अरे, झिजवतो का आता!”

एकदा मीच धीर केला. “सर, मोतीबिंदूमुळे तर मंद दिसत नसेल?”

त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. “मोतीबिंदू काय एकट्या धूमकेतूवर आला का? ताराही मंद, धूमकेतूही मंद. मी तर दोघायची तुलना करतो. तराजूच्या दोन्ही पारड्यात सारखाच दगड, मंग वजन चुकन कसं?”

घरी जाताना गाडी चालवता चालवता प्रमोद म्हणाला, “सारखा दगड नाही. ताऱ्याचा उजेड गोळा असतो, तो निभावतो. धूमकेतूची कड विरळ असते. डोळ्यात धुकं असलं की ती कडच दिसत नाही. सर अर्धाच धूमकेतू मोजताहेत.”

“मग सांग ना त्यांना.”

“तू सांग.”

असं करत दोघांनीही सांगितलं नाही. मास्तराची चूक काढायला विद्यार्थ्याचं वय कितीही वाढलं तरी पुरत नाही.

*

चौदा एप्रिलला सरांची वस्ती ओळखू येत नाही. विहारापासून रस्त्यापर्यंत माळा, घराघरावर निळे झेंडे, पांढरे कपडे, आणि मिरवणुकीचा आवाज. प्रमोद आणि मी दर वर्षी जातो. त्या दिवशी आभाळ नेमकं काचेसारखं स्वच्छ! इतक्या दिवसांत असं आभाळ मिळालं नव्हतं. पण इतक्या उजेडात दिसणार काय?

जयंती मंडळाचे अध्यक्ष सरांचेच जुने विद्यार्थी. ते स्वतः आले. “सर, तुमचं ते ताऱ्याचं काम आहे म्हणते. दहा मिनिटं सगळी लाइटिंग बंद करतो. पोरायले मी सांगतो.”

मीही म्हणाले, “सर, आज तर रीतसर मिळतंय!”

सरांनी मान हलवली. “नाई. आज नाई. अंधार लय पाह्यला आपल्या लोकायनं. आज धूमकेतूनं थांबावं.”

आणि ते मिरवणुकीत जाऊन मिसळले. त्या तारखेपुढे त्यांनी नंतर आकडा लिहिला नाही, ‘उजेड होता’ असं लिहिलं. सरांविषयी मला जे वाटतं त्यातलं बरंचसं त्या दोन शब्दांत आहे.

किस्सा मात्र पुढचा. मिरवणूक निघायच्या आधी विहारासमोर फोटो काढत होतो. काकूंनी नवी आकाशी साडी नेसली होती. खास जयंतीसाठी हिंगणघाटला जाऊन आणलेली. मी मघाशीच तिचं कौतुक केलं होतं. सर शेजारी येऊन उभे राहिले, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, “काऊन वं, जयंतीले अशी राखेच्या रंगाची साडी? निळी नव्हती का घरी?”

सगळे हसले. सर थट्टा करताहेत असंच सगळ्यांना वाटलं. सर हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते.

प्रमोद माझ्या कानाशी म्हणाला, “मोतीबिंदूत निळा रंग सगळ्यात आधी जातो.”

काकूंनी पदर सारखा केला. “नव्हती,” म्हणाल्या, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. “वैशाली, डॉक्टरीणबाईची तारीख घेजो. ह्या आठवड्यातली.”

“आणि सर?”

“सरले मी पाहून घेतो.”

काय बोलणी झाली ते आम्हाला कधी कळलं नाही. पण सरांनी शेवटी तह केला, शरणागती नाही! उजवा डोळा ऑपरेशनला द्यायचा, डावा धूमकेतू जाईपर्यंत राखून ठेवायचा. “उजवा तुहा, डावा त्याचा!” असं काकूंना सांगून, मोठी बाजी मारल्याच्या थाटात ते दवाखान्यात शिरले. डॉक्टरीणबाईंसमोर अटही त्यांनी खणखणीत आवाजात मांडली.

“चालेल की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही तसंही एका वेळी एकच करतो.”

*

ऑपरेशन छान झालं. धूळ नको, वजन नको, वाकायचं नाही, बाहेर पडताना काळा चष्मा. सरांनी सगळं पाळलं. मग एका संध्याकाळी त्यांनी नवा डोळा जुन्या दुर्बिणीला लावला, आणि आम्हाला गच्चीवर त्यांची हाक ऐकू आली.

“प्रमोद! घात झाला!”

आम्ही धावलो. सर घाबरलेले. “तारे विस्कटत नाईत! चष्मा नाई तरी टाचणीसारखे दिसून राह्यले! दुर्बिणीचं चाक जाम होतं, आता माहंबी जाम झालं!”

ऑपरेशनात बसवलेल्या भिंगाने त्या डोळ्याचा नंबरच घालवला होता. माणसाला स्पष्ट दिसायला लागलं म्हणून इतका हताश झालेला मी पहिल्यांदाच बघितला. “दुसरी दुर्बीण घ्या ना,” मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली चहा आणायला गेले. त्यांना नव्या आणि जुन्या डोळ्यांची गाठ त्याच दुर्बिणीत घालायची होती.

प्रमोद दुसऱ्या दिवशी दुकानातली नंबर तपासायची पेटी घेऊन आला. एकेक भिंग सरांच्या नव्या डोळ्यापुढे धरून बघितलं, आणि हवा तेवढा तारा विस्कटल्यावर त्याचा चष्मा करून दिला, डावीकडे साधी काच ठेवून. देताना म्हणाला, “आजवर लोकायले दिसावं म्हणून चष्मे देले. दिसू नये म्हणून हा पहिलाच!”

*

धूमकेतू रोज खाली उतरत होता. आता दिसेल तो गिरडहूनच, आणि तोही थोडेच दिवस. एका स्वच्छ संध्याकाळी निघालो. सर पुढच्या सीटवर, धुळीसाठी काळा चष्मा लावून. काकू मागे, मांडीवर डबा घेऊन. त्यांनी जयंतीची साडी नेसली होती. मी बघितलं.

सूर्य बुडाला, आभाळ काळवंडलं, तेव्हा कुठे सरांनी काळा चष्मा काढला. दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. मग डाव्या डोळ्याला. मग पुन्हा उजव्या.

“प्रमोद.”

“हो, सर.”

“हिरवट हाय रे. थोडंसं, पन हाय.”

प्रमोदने नुसती मान हलवली, तीही अंधारात कुणाला दिसली नसेल.

मग सरांनी न दिसायचा चष्मा चढवला आणि धूमकेतू ताऱ्याशी तोलला. डावा डोळा मिटून, मग उजवा मिटून. दोन आकडे सांगितले. दोन्हींत चांगलंच अंतर होतं. उजव्या डोळ्याचा आकडा बाहेरच्या निरीक्षकांशी जुळत होता.

“म्हंजे लोकं बरोबर होते,” सर म्हणाले.

“आधीचे आकडे खोडायचे का, सर?” मी विचारलं.

“काऊन खोडाचे? त्या डोळ्याले तेवढंच दिसत होतं. ते तसंच पाठव, अन् डोळा कसा होता तेबी लिहून दे.”

पुंजका क्षितिजाच्या धुरकटात शिरला, फिका झाला आणि मावळला. सर तिकडे बघत राहिले. सत्तर वर्षांच्या पाहुण्याला निरोप देताना काय बोलतात ते कुणालाच माहीत नव्हतं.

“झालं नं? आता उजेड चालते नं?” काकूंनी विचारलं. सरांनी होकार दिल्यावर त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून डब्यावर टेकवला, आणि भाकरी काढायला घेतल्या.

सर वळले. काकूंकडे बघितलं आणि हात पुढे करायचा सोडून तसेच थांबले. उजवा डोळा मिटला. उघडला. डावा मिटला. सवयीने अजून मोजताहेत असं आम्हाला वाटलं.

“निळी हाय वं ही,” ते म्हणाले.

काकूंनी भाकरीवर पिठलं वाढलं आणि त्यांच्या हातात दिली.

“तवाबी निळीच होती.”